उलट्या धारेचा चाकू

माझ्यासाठी मुद्दाम घडवून घेतलेला चाकू मी स्वतःच्या हाताने घासून वाया घालवला, आणि वर मान ताठ करून बापाला सांगितलं की बा, हा चुकला होता, मी सुधरवला. आयुष्यात मूर्खपणा एवढाच केला असं नाही. यादी काढली तर सुना-नातवंडं आठवडाभर हसतील, आणि हसलीच आहेत. माझ्या बाकीच्या चुका मी लग्नाकार्यांत सांगून सांगून गुळगुळीत करून टाकल्यात. ही एक मात्र कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितली असती तर तो हसला असता, आणि ह्या गोष्टीवर कुणी हसलेलं मला चाललं नसतं, म्हणून.

आसेगावच्या अलीकडे ओढ्याला लागून आमचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर, कडेला अंबाडी. पहाटे विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की त्याच्या फटफटीवर माय भाकरी थापायची, आणि इंजिन अडखळलं की तिचा हातही अडखळायचा, असं मला तेव्हा वाटायचं. थंडीत ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी असायची, तिच्यावर कच्चं तेल, आणि पाट्यावरचा ठेचा. मळा खरा मायचा होता. बा मात्र वर्षातले तीन-चार महिने दुसऱ्यांच्या बागांमधून फिरायचा, कारण तो डोळे बांधायचा. आता शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं. संत्र्याचं झाड बी लावून चांगलं येत नाही. आधी जंभेरीचं, म्हणजे एका आंबट लिंबाचं, रोप वाढवायचं, त्याची साल इंग्रजी टी सारखी चिरायची, गोड संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा पापुद्र्यासारखा अलगद उचलायचा, त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. डोळा लागला की जंभेरी वरून छाटून टाकायची. मुळं आंबट, शेंडा गोड. इंझोरीपासून मानोऱ्यापर्यंत कितीतरी बागा बाच्या हातच्या होत्या, आणि त्याचा बांधलेला डोळा सहसा मरत नसे. लोक त्याला सीतारामभाऊ डोळेवाले म्हणत. लहानपणी मला वाटायचं, बा माणसांचेही डोळे बांधतो, आणि मी शाळेत तसं सांगितलंही होतं. ही यादीतली दुसरी गोष्ट.

ह्या कामाला एक चाकू पुरतो. फार तर दोन. बाजवळ अकरा होते. सगळे मिटणारे, सगळे खिशात मावणारे, आणि सगळे मंगरूळच्या करीमचाचांनी घडवलेले. चाचा जुन्या करवतीच्या पात्यातून पातं कापायचे, आणि त्यांची एक खोड होती की एकासारखा दुसरा चाकू करायचा नाही. दरवर्षी हंगामाच्या आधी बा त्यांच्या दुकानात जाऊन बसायचा, दोघं दुपारभर चहा पीत मुठीवर वाद घालायचे, आणि नवीन चाकू घेऊन बा संध्याकाळच्या एसटीने परत यायचा. पहिला शिसमाच्या मुठीचा. दुसरा म्हशीच्या शिंगाचा, काळाभोर, मधून एक पांढरी रेघ गेलेली. तिसरा पितळेचा, तो इतका जड की खिशात टाकला की बाचा पायजमा एका बाजूने उतरायचा. माय म्हणायची, चाकू सांभाळा का पायजमा सांभाळा ते एक ठरवा. एकाला शेपटीशी हाडाची चपटी जीभ होती, साल उचलायला. एक मासोळीच्या आकाराचा, खवल्यांसकट. एक मिटताना टक्कन वाजायचा, एक अजिबात वाजायचा नाही. पितळेच्या चाकूनंतर मात्र दोघांना हलकेपणाचं वेड लागलं. दिवसभर वाकून शेकडो काप घ्यायचे तर मनगटाला गुंजभर वजनही कळतं, असं बाचं म्हणणं. मग चाचा दरवर्षी काहीतरी कमी करत गेले. मूठ पातळ केली, आतून कोरली, खिळा बारीक घेतला. अकरावा चाकू तर कमालच होता. जुन्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याचा पत्रा कापून त्याच्या दोन बाजू केलेल्या, आणि वजन उतरावं म्हणून त्यांना तीन-तीन भोकं पाडलेली. तो हातावर ठेवला की चिंचेची शेंग ठेवल्यासारखं वाटायचं, वाळलेली.

हे सगळे चाकू बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, मळ्याशेजारच्या कपाशीच्या कापसात, झोपवलेले असत. काम करायचं ते शिसमाच्या आणि जिभेच्या चाकूने. बाकीचे नुसते बघायला. बा रविवारी डबा उघडायचा, एकेक काढून तेलाचा हात फिरवायचा, उघडायचा, मिटायचा, परत ठेवायचा. माय मोठीमायजवळ म्हणायची, लोकांचे नवरे बायकोला डागदागिने करतात, माझ्या नवऱ्याने चाकू केले. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. घरात तिचा शब्द शेवटचा असे.

मागच्या महिन्यात पुण्याची नात आली होती. तिला डोंगर चढायचा नाद आहे, आणि तिने फोनवरून असाच एक मिटणारा चाकू मागवला होता. मला दाखवला. निळ्या मुठीचा, पोकळ, हलका. मग फोनवर त्याची सगळी भावंडं दाखवली. हिरवी मूठ, लाकडाची मूठ, ह्या वर्षापुरतीच निघालेली नक्षीची मूठ. लोक म्हणे ती सगळी जमवून काचेच्या कपाटात लावतात. मी म्हटलं, माझ्या बापाने हे बिस्किटाच्या डब्यात केलं होतं. ती बोट फिरवत राहिली, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाली, आजी हा बघ, हा डावखुऱ्यांसाठी, तुझ्यासाठी हा मागवू? मी चष्मा पुसायच्या निमित्ताने उठले. तिला वाटलं मला मोतीबिंदू वाढला.

तर, मी डावखुरी. आमच्याकडे डेबरी म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. मायने माझ्यावर सगळे उपाय केले. जेवताना डाव्या हाताला फडकं बांधलं, शाळेत मास्तरांना सांगून ठेवलं, हळदीकुंकवाला मला मागे बसवलं. ती दुष्ट नव्हती. डेबऱ्या पोरीला सासरी काय काय ऐकावं लागतं ते तिने कुणाचं तरी पाहिलं असावं. मीही काही कमी नव्हते. फडकं बांधलं की उजव्या हाताने अशी जेवायची की भाजी कोपरापर्यंत जायची, आणि मग माय कंटाळून फडकं सोडायची.

बा ह्यात पडत नसे. पण मळ्यात तो माझ्याकडे बघत असे हे मला माहीत होतं. डोळे बांधण्याचं मला वेड होतं. त्याच्याजवळ बसून मी बारीक काड्यांवर काप घ्यायची, अर्थात डाव्या हाताने, आणि माझा प्रत्येक काप आत घुसायचा, डोळ्याखाली खळगा पडायचा. बाचा काप मात्र काचेसारखा सपाट. मी चिडून काड्या ओढ्यात फेकायची. बा नुसता माझं मनगट बघायचा. त्या वर्षी त्याचा स्वतःचा अंगठा आखडायला लागला होता, आणि त्याला जोडीला हात हवा होता. मोठीमायने मानोऱ्याकडचं एक स्थळ आणलं होतं. मी पंधरा-सोळाची असेन. बाने घरात पहिल्यांदाच आवाज चढवून सांगितलं, एक हंगाम थांबा. पोरगी इंझोरीच्या बागेत एक ओळ बांधेल. लागली तर ती माझ्यासोबत हे काम करेल, लग्नाचं पुढं पाहू. नाही लागली तर तुमचं स्थळ. मोठीमाय म्हणाली, बाईमाणूस डोळे बांधते हे कुठं पाहिलं नाही, आणि त्यात डेबरी. पण ऐकलं तिने. म्हणजे माझं सगळं त्या एका ओळीवर ठरणार होतं, आणि मी इतकी आनंदात होते की मला जिंकल्यासारखंच वाटत होतं.

दसऱ्याला बा चाकूंची पूजा करायचा. पाटावर सगळे उघडून ओळीने मांडायचे, टोकं एकाच दिशेला, प्रत्येकावर झेंडूची पाकळी. डोळे बांधायच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. एक अंग उतरतं, दुसरं सपाट. ओळीत मांडले की सगळ्यांचा उतार वर येतो आणि उन्हात चमकतो. त्या दसऱ्याला दहांचे उतार चमकले आणि अकराव्याचं सपाट अंग वर आलं. तो जर्मनच्या मुठीचा, सगळ्यांत हलका. मी दोनदा पाहिलं. बा आंघोळीला गेला होता. मी मनाशी म्हटलं, चाचांना आता दिसत नाही, त्यांनी उलट्या बाजूने धार काढली, आणि बा भिडेपोटी काही बोलला नाही.

इथे कुणीही शहाणं माणूस बापाला विचारतं. वत्सलाबाई, म्हणजे मी, कशाला विचारतील? वत्सलाबाईंना बापाला चकित करायचं होतं. आपण नुसते डोळे बांधायला नाही तर धार लावायलाही लायक आहोत हे दाखवायचं होतं. माय बाजाराला गेली की मी तो चाकू घेऊन विहिरीच्या पायरीवर बसायची, पाणी शिंपडायची, आणि सपाट अंग दगडावर घासायची. दोन दुपारी घासलं. करवतीचं पातं कडक असतं, तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी त्या बाजूलाही उतार आला, इतरांसारखा. आधीचा उतार होता तसाच राहिला, त्याचं मी काही केलं नाही. चाकूला दोन्हीकडून धार असली तर चांगलंच, असा माझा हिशेब.

बा बागेतून आला, हौदावर पाय धूत होता. मी चाकू पुढे केला आणि ते वाक्य म्हटलं, बा, हा चुकला होता, मी सुधरवला. बाने पाय तसेच ओले ठेवून चाकू घेतला. उघडला. अंगठा आधी एका अंगावरून फिरवला, मग दुसऱ्या. मग तो उन्हाकडे धरून टोकाकडून पाहिला, बराच वेळ.

"दोन्हीकून घासला काय व?"

मी म्हटलं, हो, दोन दुपारी लागल्या. त्याने माझा हात ओढून तळवा पाहिला. डावा. फोडांवर फुंकर घातली, मी लहान असताना घालायचा तशी.

"फोड आले. खोबऱ्याचं तेल लाव त्याले," म्हणाला, "धार चांगली लागली."

आणि तो चाकू त्याने डब्यात न ठेवता सदऱ्याच्या खिशात टाकला. त्या संध्याकाळी तो भाकर कुस्करत बसला, जेवला नाही. मायने विचारलं तर म्हणाला, बागेत खाणं झालं. मी मात्र दोन भाकरी जास्त खाल्ल्या, कौतुकाच्या. आजही ज्वारीची भाकर कुस्करलेली ताटात पाहिली की मी ते ताट उचलून आत नेते.

दुसऱ्या दिवशी बा काम सोडून मंगरूळला गेला. चाचा आजारी आहेत, एवढंच सांगितलं. मग दर दोन-तीन दिवसांनी जायला लागला. दिवाळी झाली आणि चाचा गेले. बा मातीला जाऊन आला, मळ्यात वांग्यांच्या वाफ्यापाशी बसून राहिला, आणि मला आश्चर्य वाटलं की चाकू करणाऱ्या माणसासाठी इतकं रडतात.

इंझोरीच्या बागवाल्याने निरोप पाठवला की जंभेरीची साल सुटायला लागली. साल सुटते तेव्हाच डोळा सरकतो. ते दिवस थांबत नाहीत. बाने मला शिसमाचा चाकू दिला, स्वतःचा, आणि बागवाल्यासमोर मोठ्याने म्हणाला, डाव्या हातानंच बांध. मी पूर्ण ओळ बांधली. पाय दुखले, मान मोडली, मजूर बायका काम थांबवून बघत होत्या. बा पाठीमागून चालत होता आणि कुठेकुठे माझ्या पट्ट्या पुन्हा आवळत होता. त्याने मला एकदाही टोकलं नाही. मला वाटलं, चांगलं जमतंय.

तीन आठवड्यांनी डोळे पाहायला गेलो. डोळ्याशी पानाचा देठ ठेवलेला असतो. बोट लावलं की तो गळून पडला तर डोळा जिवंत, सुकून चिकटून राहिला तर मेलेला. मी पहिल्याला बोट लावलं, चिकटला. दुसऱ्याला लावलं, चिकटला. ओळीच्या मध्यापर्यंत मी अजून हसत होते, थट्टा करत होते, हे आळशी, हे झोपाळू. मग हसू थांबलं. ओळीच्या शेवटी बा उभा होता. बागवाला भला माणूस, तो म्हणाला, सीतारामभाऊ, पोरीची जात, काही हरकत नाही, ही ओळ तुम्ही पुन्हा बांधून द्या. मोठीमायने त्याच आठवड्यात मानोऱ्याला निरोप धाडला. आणि मी, जी फडकं बांधलं तरी ऐकत नव्हते, तिने स्वतः डावा हात पदराखाली घेतला. मायला न सांगता. पाणी उजव्या हाताने, कुंकू उजव्या हाताने, वाढणं उजव्या हाताने. माय खूश झाली पाहिजे होती. ती एक-दोनदा माझ्या पदराकडे बघत राहिली.

लग्नाच्या आधी बांगड्या भरायला मायने मला मंगरूळला नेलं. चाचांच्या दुकानात आता चाची बांगड्या घेऊन बसत होत्या. ऐरण कोपऱ्यात होती, तिच्यावर बांगड्यांचे खोके. मायने ओळख सांगितली, सीतारामभाऊची पोरगी. मी उजवा हात पुढे केला. चाचींनी तो घेतला नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, ती डेबरी ती हीच का? मायचा चेहरा उतरला. चाची हसल्या, माझा डावा हात त्यांनीच पदराखालून काढला, पंजा उलटापालटा करून पाहिला, बोटं मोजल्यासारखी दाबली, आणि म्हणाल्या, बरोबर, एवढीच मूठ सांगितली होती तुझ्या बापाने. मग त्यांनी सगळं सांगितलं, सरळ, मला ठाऊकच असणार अशा समजुतीने. की सीतारामभाऊ म्हणाले, पोरीचा हात सोन्याचा आहे, चाकूच उजव्यांचे आहेत. की डाव्या हाताला उलट्या अंगाने धार लागते. की चाचांनी तशी कधी काढली नव्हती.

"तीन बार बिगडा उनसे," चाची म्हणाल्या. "जिंदगीभर का हाथ उल्टा चलाना पडा ना, बेटा."

नंतर सीतारामभाऊ तो घासलेला चाकू घेऊन आले तेव्हा चाचा खाटेवर होते. त्यांनी पातं चाचपून पाहिलं. इतकं पातळ पातं पुन्हा सपाट करायला त्यात काही उरलं नव्हतं. म्हणाले, उठलो की दुसरा करतो. रोज म्हणायचे. चाची बोलत होत्या आणि एकेक बांगडी चढवत होत्या, डाव्या हातात, साबण न लावता, एकही न तडकवता. मी काय केलं मला आठवत नाही. मायने सगळं ऐकलं होतं. एसटीत तिने माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि वर पदर टाकला. आसेगाव येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

तो अकरावा चाकू पुढे कुठे गेला मला माहीत नाही. बा गेल्यावर डबा उघडला तेव्हा दहा होते, ते चुलतभावांनी वाटून घेतले. मला विचारलं होतं, मी नको म्हटलं. संसार झाला, चांगला झाला, नवरा साधा होता. पण एखाद्या बागेवरून गाडी जाते तेव्हा मी जंभेरीचा जोड शोधते, बुंध्याशी, वीतभर वर, आणि तिथे कुणाचा हात असेल ते बघते. माझा कुठेच नाही.

बांगड्या भरल्या त्या दिवशी एसटीतून उतरून मी घरी न जाता मळ्यात गेले. बा बांधावर बसून मिरच्या निवडत होता, लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे. माझ्या हातातल्या बांगड्या त्याने पाहिल्या, आणि चांगल्या आहेत म्हणाला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, मला काहून नाही सांगितलं? मी चाकू दिला तेव्हाच माझ्या दोन थोबाडीत काहून नाही दिल्या? माझ्या मूर्खपणाने सगळं गेलं आणि मला कळूही दिलं नाही. मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही. बाने हातातली मिरची खाली ठेवली. कुठल्या ढिगात ठेवायची ते त्याला सुचलं नसावं, मधेच ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"तुही चुकी नाई, वच्छे. चाकू आला त्याच रोजी तुह्या हातात द्याले पायजे होता मीनं. दसऱ्याच्या रांगेत कसा दिसते थे एक डाव पाह्याची हौस होती मले."